दोन मानपाडे, एक गिटार

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन आहेत. एक ठाण्यातला, घोडबंदर रस्त्यावरचा. मागे येऊरचा डोंगर, टिकुजिनी वाडीकडे वळणारा फाटा, जवळच डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. दुसरा डोंबिवलीतला. स्टेशनच्या पूर्वेला सुरू होणारा मानपाडा रस्ता जिथे कल्याण-शिळ रस्त्याला मिळतो, तिथला. पहिल्या मानपाड्यात मामा राहतात, दुसऱ्यात त्यांची भाची. मामांची सगळी नोकरी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीत गेली. गिटार त्यांच्या हातात कॉलेजपासून आहे. भाची संध्याकाळी घरी मुलांना गिटार शिकवते. मी या घरचा स्नेही. दोघांचा वाद मी इतक्यांदा ऐकला आहे की तो लिहून ठेवावासा वाटला. नावं घालायची नाहीत, ही दोघांची अट.

वादाचा विषय वरवर साधा आहे. गिटार हाती घेतलेला माणूस वाजवायचं सोडून गिटारच्या सामानात का रमतो? पेडल, पिकअप, ॲम्प, तारांचे गेज, नवा प्रोसेसर यांत तासन् तास जातात आणि गाणं अर्धंच राहतं. ज्यांच्या घरात गिटार आहे त्यांना हे चित्र ओळखीचं असेल. पण या दोघांचं बोलणं ऐकताना मला हळूहळू कळत गेलं की प्रश्न आळसाचा नाही. मामा आळशी अजिबात नाहीत.

भाची : मामा, मागच्या वेळी तू ते गाणं बसवत होतास. झालं का पूर्ण?

मामा : होत आलंय. पण आधी हा हम काढतोय. ॲम्प लावला की गुणगुण सुरू होते. पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, तरी आहेच.

भाची : मग हम असू दे ना. गाणं वाजव.

मामा : अगं, असं कसं? आपल्या घरातली वीज पन्नास हर्ट्झची. गिटारच्या तारांखालचा एका वेटोळ्याचा पिकअप तारेचं कंपन पकडतो तशी ती पन्नास हर्ट्झही पकडतो. म्हणून तर १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने दोन उलट वेटोळ्यांचा पिकअप काढला. दोघांत येणारी गुणगुण एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज तेवढा राहतो. केवढी बुद्धी आहे त्यात! मी लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून तसाच एक बसवतोय.

भाची : किती दिवस बसवतोयस?

मामा : तो प्रश्न नाही.

भाची : तोच प्रश्न आहे, मामा. तुझा पिकअप बसेपर्यंत तुझी बोटं बसलेली नसतील.

इथे मामा थोडे दुखावले. त्यांनी सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवली. पुढे ते जे बोलले त्यात दम होता.

मामा : तू हे सगळं उद्योग म्हणून उडवून लावतेस. पण वाद्य उघडून बघणारी माणसं नसती तर तुझ्या संगीतातलं निम्मं जन्मलंच नसतं. पन्नालाल घोषांनी बासरी लांब केली, सातवं भोक पाडलं, तेव्हा त्या बांबूतून ख्यालाचा खर्ज निघाला. शिवकुमार शर्मांनी १९५५ मध्ये मुंबईत संतूर वाजवला. जाणकार म्हणाले, हे वाद्य शास्त्रीय संगीताच्या कामाचं नाही, यातून मींड निघत नाही. मग त्यांनी तारांची मांडणी बदलली, वाद्य लाकडी स्टँडवरून मांडीवर घेतलं. आपल्याकडचंच बघ. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, पण बावीस श्रुतींच्या मागे लागला, १९१० मध्ये पुस्तक लिहिलं, क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुती हार्मोनियम करवून घेतली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती त्या प्रयोगांना. आणि इतकं लांब कशाला? आपल्या ठाण्यात डॉ. विद्याधर ओक आहेत. त्यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली. पट्टीखालची खुंटी ओढली की हवी ती श्रुती मिळते. हे सगळे तुझ्या हिशेबात टाइमपास करत होते?

भाची : नाही. उलट तू सांगितलेलं प्रत्येक नाव माझ्याच बाजूचं आहे. डॉ. ओक आधी गोविंदराव पटवर्धनांकडे पेटी शिकले. वाजवता वाजवता त्यांच्या कानाला टोचलं की पेटीचे स्वर गवयाच्या स्वरांना मिळत नाहीत. मग त्यांनी पेटी उघडली. शिवकुमारांनी आधी मैफल वाजवली, टीका ऐकली, काय कमी पडतंय ते बोटांनी ओळखलं, मग तारा हलवल्या. पन्नालालजींना बासरीतून खर्ज हवा होता आणि तो निघत नव्हता. या सगळ्यांना एक विशिष्ट सूर हवा होता, तो मिळेना म्हणून त्यांनी वाद्य बदललं. आता तू सांग, तुला कोणता सूर लागत नाही म्हणून हा नवा पेडल?

मामा गप्प राहिले. मीही. या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबलो, कारण पूर्ण वादाची किल्ली मला इथेच दिसते. वाद्य सुधारणाऱ्यांची आपली परंपरा मोठी आहे आणि तिचा अभिमान बाळगायलाच हवा. पण त्या परंपरेत गरज वाजवण्यातून आली. आपण बहुतेक जण उलट्या टोकाने शिरतो. आधी व्हिडिओत कुणाचा तरी पेडल ऐकतो, मग तो विकत घेतो, मग त्याने काय वाजवायचं ते शोधतो. भाचीचा प्रश्न कुणीही स्वतःला विचारावा असा आहे. त्याचं उत्तर एका ओळीत देता आलं, 'या गाण्यातल्या या जागेला हा आवाज हवा', तर खुशाल घ्या. देता आलं नाही तर पेडल दुकानातच राहू द्या.

चहा आला. मामा पुन्हा बोलायला लागले तेव्हा आवाजातला ताठा गेला होता.

मामा : तुला खरं सांगू? मी नोकरीत होतो तेव्हा रात्री नऊला घरी यायचो. घोडबंदर रस्त्याचा ट्रॅफिक तुला माहीत आहे. जेवण झालं की हातात तासभर उरायचा. त्या तासात मी एक सर्किट उघडलं तर तास संपताना काहीतरी झालेलं असायचं. खरखर गेली. बंद पेडल चालू झाला. आणि त्याच तासात एफचा बार कॉर्ड धरत बसलो तर? काल बझ येत होता, आज येतो, महिन्याने पण येतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाला काहीतरी झाल्यासारखं वाटायला हवं असतं गं.

भाची : हे तू पहिल्यांदा बोललास.

मामा : कुणी विचारलंच नाही. सगळे म्हणतात, सराव कर.

मामांचं हे बोलणं मला फार खरं वाटलं. गिटारच्या सामानात रमणाऱ्याला लोक उधळ्या म्हणतात, चंचल म्हणतात. त्याला हवं असतं ते अगदी साधं आणि रास्त आहे. केलेल्या कामाचं फळ डोळ्यांना दिसावं. दुरुस्ती ते तासाभरात देते. रियाज ते आठवड्यांनी देतो, आणि तेही इतकं हळू की ज्याला मिळालं त्याला पत्ता लागत नाही. पूर्वी ही उणीव गुरू भरून काढत असे. शिष्याला स्वतःची प्रगती दिसत नसली तरी समोर बसलेल्या गुरूला ती ऐकू येई, आणि एखाद्या दिवशी गुरूने नुसती मान हलवली की शिष्याला आणखी वर्षभर पुरेल एवढं बळ मिळे. फ्लॅटच्या बंद खोलीत, हेडफोन लावून, मोबाइलवरचे धडे बघून शिकणाऱ्याला मान हलवणारं कुणी नसतं. तो सोल्डरिंग गनकडे वळला तर त्याला दोष कसा द्यायचा?

भाचीने मात्र दोष देऊन विषय संपवला नाही. तिला शिकवण्याचा अनुभव आहे आणि तिच्याकडे उपाय आहेत.

भाची : माझ्याकडे येणाऱ्या मुलांनाही हेच होतं. म्हणून मी सरावाला निकाल लावते. जी कॉर्डवरून सी कॉर्डवर जायचं, परत जीवर यायचं, एक मिनिट. घड्याळ लावून. स्वच्छ वाजलेला प्रत्येक बदल मोजायचा आणि वहीत लिहायचा. पहिल्या दिवशी बारा होतात. आठवड्याने वीस-बावीस. मूल वही उघडून आईला दाखवतं. तुझा हम गेला की तुला जे वाटतं ना, तेच त्या मुलाला वाटतं.

मामा : हे बरं आहे. मीटर लावल्यासारखं.

भाची : दुसरं, रविवारी एक छोटा तुकडा मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. तोच तुकडा, दर रविवारी. मधे ऐकायचा नाही. महिन्याने पहिला आणि शेवटचा लागोपाठ लावायचा. ज्याला वाटत असतं की आपण आहोत तिथेच आहोत, त्याला स्वतःच्या कानांनी फरक कळतो. तिसरं, मेट्रोनोम. मिनिटाला साठ ठोक्यांवर स्वच्छ वाजलं तर चौसष्ट. चुकलं तर परत साठ. आकडा खाली आला म्हणून रडायचं नाही, तिथून पुन्हा वर जायचं.

मामा : आणि गंमत? सगळं मोजमापच झालं तर गिटार कशाला, व्यायामशाळेत जावं.

भाची : गंमत गाण्यात असते. सरावात ती नाही आली तरी चालते. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास छापला. दहा हजार तासांची जी गोष्ट सगळीकडे सांगतात तिचं मूळ त्या अभ्यासात आहे. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या मुलांनी सांगितलं की सुधारण्यासाठी सगळ्यांत उपयोगी काय, तर एकट्याने केलेला सराव. पण त्यात सगळ्यांत जास्त मजा येते, असं ते म्हणाले नाहीत. म्हणजे उत्तम विद्यार्थ्यांनासुद्धा सराव सगळ्यांत गोड लागत नव्हता. आपल्याला कंटाळा येतो म्हणून आपल्यात काही कमी आहे, असं समजायचं कारण नाही. आणि ते एका दमात तासन् तास बसत नव्हते. थोडा वेळ, मग विश्रांती, परत थोडा वेळ. दुपारी झोपायचेसुद्धा.

मामा : दुपारची झोप मला जमेल.

दोघं हसले. पण मामांचा मूळ मुद्दा अजून मिटला नव्हता, आणि भाचीच्या एका शिष्याची गोष्ट निघाली तेव्हा तो पुन्हा वर आला. या वेळी पारडं मामांकडे झुकलं.

डोंबिवलीतला एक मुलगा. आठवी-नववीतला. वडिलांनी वाढदिवसाला गिटार आणली, दुकानातली दिसायला सगळ्यांत चांगली. मुलगा मनापासून यायचा, पण दर वेळी बोटं लाल. कॉर्ड धरला की मनगट वाकडं. काही आठवड्यांनी तो क्लास बुडवायला लागला. भाचीला वाटलं, चिकाटी कमी पडतेय. बोटांना घट्टे पडेपर्यंत सगळ्यांनाच दुखतं, तू सोसलं पाहिजेस, असं तिने त्याला समजावलंही. एकदा मामा डोंबिवलीला गेले असताना त्यांनी ती गिटार हातात घेतली आणि वाजवण्याआधी बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपाशी, डोळा लावून बघितलं.

मामा : तार फ्रेटपासून चार मिलिमीटरच्या वर होती! अकूस्टिक गिटारला जाड तारेखाली अडीचच्या आसपास अंतर असलं की हात सुखाने चालतो. हा पोरगा दर कॉर्डला दुप्पट जोर लावत होता. त्यात जुलै महिना. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर जाते. लाकूड पाणी पितं, गिटारची वरची फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा आणखी उंच होतात. मी ॲलन कीने मानेतला ट्रस रॉड पाव फेरा फिरवला, एक दिवस थांबलो, मान सरळ झाली का बघितलं. मग ब्रिजवरची ती पांढरी पट्टी काढली, सॅडल म्हणतात ती, आणि खालून सँडपेपरवर घासली. बाराव्या फ्रेटपाशी एक मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते, हे लक्षात ठेवावं लागतं. नाहीतर माणूस घाबरत थोडीच घासतो आणि म्हणतो, काही फरक पडला नाही. अंतर तीनच्या खाली आणलं. हलक्या गेजच्या तारा घातल्या. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या.

भाची : आणि तो मुलगा आज येतो. हे मी मान्य करते. मी त्याला सोस म्हणाले, आणि सोसण्यासारखं काही नव्हतंच. तिथे तुझं ज्ञान माझ्या उपदेशापेक्षा कामाचं निघालं.

हा प्रसंग मला वादातला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्याने दोन्ही बाजूंची हद्द ठरवून दिली. 'वाद्याला दोष देऊ नकोस, सराव कर' हे वाक्य आपल्याकडे फार सहज फेकलं जातं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तर तयारच असते. पण अंगण खरंच वाकडं असतं कधी कधी. गिटार सुरू करून वर्षाच्या आत सोडून देणाऱ्या मुलांतल्या कित्येकांची जिद्द कमी नसते. त्यांच्या हातातलं वाद्य नीट लावलेलं नसतं. हे बघण्याची जबाबदारी मुलाची नाही. ती विकणाऱ्याची, शिकवणाऱ्याची आणि घेऊन देणाऱ्याची आहे.

आपल्या संगीतात वाद्य लावणं हा शिक्षणाचाच भाग होता, हेही विसरता कामा नये. मिरजेचा तंबोरा घ्या. पंढरपूरकडचा भोपळा, मिरजेच्या सतारमेकरांचा हात. त्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी कारागिराने दिलेला तंबोरा तसाच्या तसा बोलत नाही. घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवत, केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे करत जवारी जमवावी लागते, तेव्हा तारेतून ते सगळे स्वर फुटतात. हे काम शिष्य करायचा, रोज, गाण्याआधी. अब्दुल करीम खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात वाकबगार होते. त्यांचा स्वर इतका निर्मळ का होता, याचं उत्तर थोडं तरी त्या दोऱ्याशी घातलेल्या वेळात असणार, असं मला मनापासून वाटतं. दोरा सरकवताना कान तयार होत होता. म्हणजे हात वाद्यात असूनही तो रियाजच होता.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा मामांनी लगेच टाळी मागितली. भाचीने दिली नाही.

भाची : तंबोरा लावणं आणि प्रोसेसरमधले प्रीसेट बदलणं एक नाही. तंबोरा लावताना तुम्ही ऐकता. ऐकल्याशिवाय तो लागतच नाही. माझ्याकडे एक कॉलेजची मुलगी येते. तिच्याकडे मल्टिइफेक्ट आहे, शंभराच्या वर आवाज आहेत त्यात. ती तास घेऊन बसते आणि तास संपला की तिने वाजवलेली असते एकच ओळ, निरनिराळ्या आवाजांत. ती ओळ पहिल्यांदा जिथे चुकली तिथेच शेवटी चुकते. कारण तिचं लक्ष चुकीवर नव्हतंच, आवाजावर होतं.

मामा : पण चांगला आवाज आला की माणूस जास्त वेळ वाजवतो, हे तुला मान्य आहे की नाही? कोरड्या, टणक आवाजात कोण बसेल? थोडा रिव्हर्ब टाकला की खोली मोठी वाटते, सूर मागे रेंगाळतो, आणि हात आपोआप पुढचा सूर शोधतो.

भाची : मान्य. म्हणून मी तिला रिव्हर्ब काढायला सांगितलं नाही. एक आवाज निवड आणि महिनाभर तोच ठेव, एवढंच म्हटलं. पण अवघड जागा बसवताना मात्र ॲम्प बंद. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवायची. रिव्हर्ब आणि डिले चुका झाकतात. कोरड्या तारेवर सगळं उघडं पडतं.

मामा : शेजारीही खूश.

भाची : तेही आहे. डोंबिवलीत भिंतीला भिंत. रात्री दहानंतर हेडफोनशिवाय इलाज नाही. तुझं हे सगळं सामान त्या कामासाठी मात्र उत्तम आहे.

मामा : म्हणजे काहीतरी उत्तम आहे.

यानंतर वाद दुरुस्तीच्या वेळेवर आला. भाचीचं म्हणणं असं की सोल्डरिंगला विरोध नाही, पण गिटार आधी. रोज पंधरा मिनिटं वाजवून झाली की उरलेली संध्याकाळ मामांची. मामा म्हणाले, पंधरा मिनिटांत काय होतं? भाची म्हणाली, तू एकदा बसलास की पंधराची चाळीस होतात, तुला मी ओळखते; अवघड असतं ते बसणं. म्हणून गिटार बॅगेत, बॅग कपाटात, कपाटावर सुटकेस असं नको. गिटार भिंतीवरच्या हँगरला, हात पोचेल अशी. आणि सोल्डरिंगचं टेबल दुसऱ्या खोलीत. मामांनी यावर बरीच खळखळ केली. त्यांचं टेबल आणि गिटार वर्षानुवर्षं शेजारी आहेत. पण ही सूचना मला सगळ्यांत व्यवहारी वाटते. मन घट्ट करण्याच्या गोष्टी आपण फार करतो. वस्तूंच्या जागा बदलणं त्यापेक्षा सोपं असतं आणि जास्त टिकतं.

मामांनी एक अट घातली.

मामा : मी पंधरा मिनिटं वाजवीन. पण ऐकायला कुणीतरी हवं. एकट्याने वाजवायचं म्हणजे मग परत तेच, निकाल नाही.

भाची : मी ऐकीन. आठवड्यातून एकदा फोनवर. तू वाजवायचं, मी मधे बोलणार नाही.

मामा : चुकलो तरी?

भाची : चुकलास तरी. थांबायचं नाही एवढंच. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तुझ्याकडे अर्धी बसवलेली गाणी किती आहेत, तुला माहीत आहे. यंदा गणपतीत तुमच्या सोसायटीत कार्यक्रम असतोच. त्यात एक गाणं. पूर्ण.

मामा : ॲम्पचा हम गेला नाही तर?

भाची : मामा!

मामांनी पिकअपचं काम तेव्हा बाजूला ठेवलं का? नाही. पिकअप त्यांनी त्याच आठवड्यात बसवला आणि हम गेल्याचं मला अभिमानाने ऐकवलं. पण फोनवरचं वाजवणंही सुरू झालं आहे. दोघांपैकी कुणी हरलं असं मला म्हणता येत नाही. मामांचं अजूनही मत आहे की वाद्याच्या पोटात काय चाललंय ते न कळणारा वादक अपुरा. भाचीचं मत आहे की हे वाजवता येणाऱ्याने म्हणावं. माझा कौल विचाराल तर मी भाचीच्या बाजूचा आहे, पण मामांनी लावून दिलेली गिटार हातात असेल तरच. हात दुखवणारं वाद्य लगेच दुरुस्त करावं, त्यात एक दिवसही घालवू नये. कंटाळा आला म्हणून वाद्य बदलू नये. कंटाळा नव्या वाद्याबरोबर घरी येतो. आणि सरावाला फळ दिसत नसेल तर स्वतःला दूषणं देण्याऐवजी ते दिसेल अशी सोय करावी. वही, मोबाइलवरचं रेकॉर्डिंग, आठवड्यातून एकदा ऐकणारं एक माणूस. यांतलं काहीही विकत घ्यावं लागत नाही.

पुढच्या महिन्यात मुलाला किंवा स्वतःला गिटार घ्यायला तुम्ही ठाण्याच्या, डोंबिवलीच्या किंवा धोबीतलावच्या दुकानात जाल. रंग आणि आकार बघण्याआधी बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची बघा आणि तिथेच गिटार लावून मागा. दोन पैसे जास्त गेले तरी द्या. दुसरी गिटार, पहिला पेडल, मोठा ॲम्प यांचा विचार एक गाणं कुणासमोर न थांबता वाजवून झाल्यावरच करा.